तळहाताखालचा कप्पा

दोन जावांमधला अबोला काही जगावेगळा नसतो. कुठे तो आठवडाभरात विरतो, कुठे एकीच्या जन्माला पुरतो. पण एकाच दुकानात, एकाच लांबलचक टेबलाच्या दोन टोकांना उभं राहून, दिवसभर एकमेकींच्या हातून आलेले कागद हाताळत वर्षावर अबोला निभावायचा, म्हणजे त्याला अंगात चिकाटी लागते. थोरलीकडे ती उपजतच होती. धाकटीने मात्र ती कमावली होती, आणि कमावलेल्या गोष्टीचा माणसाला जरा जास्तच अभिमान असतो.

दुकान नकाशे छापायचं. इमारतींचे आराखडे, जिन्यांचे, पाण्याच्या पाइपांचे, विजेच्या तारांचे. पुढे काउंटर आणि थोरलीचा कॉम्प्युटर, मध्ये खोलीभर पसरलेलं छपाईचं यंत्र, आणि मागे जिन्याखाली एक अंधारी खोली. त्या खोलीत सर्व्हर होता. कुणी पाइप बदलायला निघाला, कुणी भिंत पाडायला निघाला, की आधी या दुकानात येऊन विचारायचा, आमच्या इमारतीचा जुना नकाशा आहे का हो तुमच्याकडे? तो असायचाच. थोरलीचा नवरा जन्मभर नकाशे काढत होता. तो गेला, त्याचे कागद ओल लागून सडले, पण जाण्याआधी त्याने सगळं त्या सर्व्हरमध्ये भरून ठेवलं होतं. आता दोन्ही घरांची चूल त्यावरच पेटत होती.

ही गोष्ट मात्र धाकटीची.

धाकटी घड्या घालायची. ऐकायला हे काम फुटकळ वाटतं. पण दोन हात पसरले तरी मावत नाही असा नकाशा अशा बेताने दुमडायचा, की शेवटी कोपऱ्यातली नावाची चौकट बरोबर वर यावी आणि साइटवरच्या माणसाला धुळीच्या हाताने तो शंभर वेळा उघडून मिटता यावा, हे ज्याला जमतं त्यालाच जमतं. कागदाला ओल लागली आहे का, हे तिला नुसता तळहात फिरवून कळायचं. सासरी आली तेव्हा ती हे शिकली नव्हती. शिकवलं थोरलीनेच, आणि शिकवताना कौतुकही केलं होतं. हे सांगायला हवं, कारण पुढचं ऐकून कुणालाही वाटेल की थोरली म्हणजे नुसती जीभ.

तर झालं होतं असं. सर्व्हरमधल्या सगळ्याची आणखी एक नक्कल बाहेर काढून ठेवावी, म्हणून एक डिस्क आणली होती. धाकटी ती खोक्यातून काढून आत नेत होती आणि ती तिच्या हातून निसटली. फरशीवर पडून जो आवाज झाला तो ऐकूनच सगळ्यांना कळलं की ती कामातून गेली. काउंटरवर गिऱ्हाइकं उभी होती. थोरलीच्या तोंडून निघून गेलं, "हिच्या हाताला यशच नाही."

एरवी हे वाक्य धाकटीने हसून झटकून टाकलं असतं. पण त्याच वर्षी तिला दिवस भरण्याआधीच मूल झालं होतं आणि ते फार थोडं जगलं होतं. तिच्या हातातच गेलं होतं. त्या वाक्याने ती जागच्या जागी गार पडली. तिने फरशीवरची ती डिस्क उचलली, टेबलावर ठेवली, आणि त्या दिवसापासून थोरलीशी बोलणं बंद केलं. थोरलीने चार दिवस वाट पाहिली. मग तिनेही बंद केलं. मान खाली घालणं तिला कधी जमलंच नव्हतं.

दुकान मात्र चालायला हवं होतं. त्यामुळे दोघींनी, न ठरवताच, एक रीत बसवली. थोरली हवेशी बोलायची. "तीन प्रती लागणार आहेत," असं छताकडे बघून म्हणायची, आणि तीन प्रती निघायच्या. "शाई संपत आलीय," असं धाकटी छपाईच्या यंत्राला सांगायची, आणि थोरली शाई मागवायची. सांगितलेल्याला उत्तर द्यायचं नाही, फक्त ते करायचं, हा नियम. उत्तर दिलं तर ते बोलणं झालं असतं. त्या यंत्राशी इतकं बोललं गेलं होतं की त्याला कान असते तर तेही एक दिवस रुसून बसलं असतं.

धाकटीचा नवरा या सगळ्यात गरीब गाय झाला होता. सर्व्हरच्या खोलीतलं काम तोच करायचा. थोरलीच्या बोटांना संधिवात होता. कीबोर्डच्या कळा दाबणं व्हायचं, पण डिस्कच्या कप्प्याची खिट्टी तिला ओढता येत नसे. म्हणून ती पुढे पडद्यासमोर बसायची, तो मागे उभा राहायचा, आणि दोघं एकमेकांना ओरडून सांगायची. धाकटीने त्या दिवसानंतर त्या खोलीचा उंबरा ओलांडला नव्हता. आणि नव्या नकलेचा विषय तर कुणी काढलाच नाही. तो काढला असता तर पडलेल्या डिस्कचा विषय निघाला असता.

एके दिवशी भर दुपारी सर्व्हरच्या खोलीतून टकटक ऐकू यायला लागली. बारीक, हट्टी. छपाईचं यंत्र ठेकेदाराचा नकाशा अर्धा छापून मध्येच थांबलं. ठेकेदार जुना माणूस, दुकानात रोज येणारा. तुळयांचा नकाशा घ्यायला आला होता. साइटवर माणसं खोळंबली होती.

थोरलीने पडद्यावर काहीतरी वाचलं आणि तिचा चेहरा उतरला. मग ती ठेकेदाराला म्हणाली, "एक डिस्क मरायला टेकलीय. सगळ्या सर्व्हरला ओढून धरतेय ती. सांगा त्यांना, मागच्या खोलीत जावं लागेल."

"कुणाला सांगू?" ठेकेदाराने विचारलं. "अहो, त्या इथेच उभ्या आहेत की."

"भाऊजी एका इमारतीच्या तळघरात मापं घ्यायला गेलेत, फोन लागत नाहीये," थोरली त्यालाच म्हणाली. "आणि माझ्या हातांनी खिट्टी निघत नाही."

ठेकेदाराने एकदा हिच्याकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे. "बंद करून, ते आल्यावर बदला ना मग."

"बंद केलं आणि पुन्हा उठलंच नाही तर?" थोरली म्हणाली. "वर्षानुवर्षं फिरताहेत त्या डिस्का. थांबल्या की कधीकधी कायमच्या थांबतात. चालू असतानाच बदलायचं असतं हे. तसंच बनवलंय ते."

हे धाकटीलाही माहीत होतं. नवऱ्याने तिला एकदा सर्व समजावलं होतं. नकाशे दोन डिस्कांवर असतात, हुबेहूब सारखे, आरशातल्यासारखे. एक गेली तरी दुसरी एकटी दुकान चालवते. तेवढ्यात मेलेली काढायची, नवी घालायची, मग जिवंत डिस्क आपलं सगळं नवीला देते. यंत्राला कळतही नाही की काही झालं. फक्त एकच पथ्य. मेलेलीऐवजी जिवंत काढली, तर हातात काही राहत नाही.

आणि बाहेर नक्कल नव्हती. ती का नव्हती, हे त्या दुकानात दोघींना माहीत होतं.

धाकटी मागच्या खोलीत गेली. एखादी बिघडली तर बदलायला म्हणून नवऱ्याने आणून ठेवलेली नवी डिस्क फळीवर खोक्यात होती. तिला तिने अजून हात लावला नाही. सर्व्हर गुडघ्याएवढ्या उंचीवर होता. चार कप्पे, एकाखाली एक. त्यांच्यावर नवऱ्याने पांढऱ्या रंगाने आकडे काढले होते, एक, दोन, तीन, चार. कप्प्यांवरचे बारीक दिवे कधीच विझले होते, त्यामुळे बघून काही कळायची सोय नव्हती. पुढून कळा दाबल्याचा आवाज येत होता. थोरली यंत्राला काहीतरी सांगत होती. मग हळूहळू ती टकटक मंदावली, एक सूर खाली खाली उतरत गेला आणि थांबला.

"आजारी डिस्क थांबवलीय," थोरली बाहेरून म्हणाली. बहुधा भिंतीला. "कप्पा दोन. काढायला हरकत नाही."

धाकटी खाली बसली. तिने दोनच्या खिट्टीवर बोट ठेवलं, आणि सवयीने, कागदावर फिरवावा तसा, दुसऱ्या हाताचा तळवा कप्प्यावर टेकवला.

कप्पा थरथरत होता. शिवणयंत्र चालू असताना त्याच्या टेबलाला हात लावल्यावर येते तशी बारीक, एकसारखी थरथर. तिने हात काढला आणि तीनवर ठेवला. तीन गप्प होता. पुन्हा दोनवर. थरथर. चार रिकामा होता, एकमध्ये यंत्राचं स्वतःचं काहीतरी होतं आणि तेही चालू होतं. थांबलेला होता तो तीन.

म्हणजे थोरली चुकली होती.

ती तशीच बसून राहिली. विचारावं, तर बोलावं लागणार होतं. आणि बोलायचं नाही हे तर तिने ठरवलं होतं. थोरलीने आधी बोलावं, तोंड उघडून म्हणावं की माझं चुकलं, मग बघू. इतके दिवस हे तिने जिवापाड सांभाळलं होतं. अशा गोष्टी सांभाळून मिळत काहीच नाही, पण सोडवतही नाहीत.

मग तिच्या मनात दुसरा विचार आला, आणि तो आला याची तिला पुढे कितीतरी दिवस लाज वाटत राहिली. सांगितलंय तसंच करावं. दोन म्हणाली ना? दोन काढावा. साक्षीला ठेकेदार आहे. त्या दिवशीही तोच होता काउंटरवर, ते वाक्य ऐकायला. आज तो ऐकेल की कप्पा दोन असं थोरलीने सांगितलं होतं. नकाशे जातील. थोरलीच्या नवऱ्याने काढलेली रेघ न् रेघ जाईल. आणि मग कुणाच्या हाताला यश नाही, ते साऱ्यांना दिसेल.

खिट्टीवरचं बोट किंचित दाबलं गेलं. खिट्टी मऊ होती, तिला फारसा जोर लागणार नव्हता.

"काढला का म्हणावं," बाहेरून आवाज आला. आवाज कापरा होता. थोरलीचा आवाज कापताना धाकटीने फक्त एकदाच ऐकला होता, नवऱ्याचे नकाशे ओलीतून काढून उन्हात घालताना. ते सगळे सडलेले होते आणि तरीही ती एकेक पसरत होती. त्या दिवशी तिच्याबरोबर कागद पसरायला धाकटीच होती.

तळहाताखाली थरथर चालूच होती. तिच्या हातात एक जिवंत गोष्ट होती, आणि ती काढायची की राहू द्यायची हे या खेपेला तिच्या हातात होतं.

"ताई," ती म्हणाली. "थांबा. दोन चालू आहे. हाताला लागतंय. बंद पडलाय तो तीन."

पुढच्या खोलीत मग खुर्ची सरकली.

"काय म्हणालीस?"

"दोन चालू आहे म्हटलं."

थोरली भिंतीला धरत धरत आली. तिला खाली वाकायला वेळ लागला. वाकड्या झालेल्या बोटांचा तळवा तिने दोनवर ठेवला, मग तीनवर, मग पुन्हा दोनवर. आणि हात तिथेच ठेवून ती शेजारच्या कागदाच्या गुंडाळीवर टेकली.

"यंत्र शून्यापासून मोजतं," ती म्हणाली. "शून्य, एक, दोन, तीन. मी यंत्राचा आकडा सांगते, भाऊजी त्यात एक मिळवून घेतात. इतकी सवय झालीय की आम्ही त्यावर कधी बोललोही नाही."

"मला कुणी सांगितलं नव्हतं."

"तू विचारलंही नसतंस."

"तुम्ही सांगितलंही नसतं."

दोन्ही खरं होतं, आणि ते दोघींनाही कळलं.

"आता असं करू," थोरली म्हणाली. "मी पुढे जाते. मी जे सांगेन ते तू मला जसंच्या तसं उलट सांगायचं. मी हो म्हटल्यावरच हात लावायचा. तू सांगशील ते मी उलट सांगेन."

"पांढऱ्या रंगाचे आकडे बोलायचे."

"पांढऱ्या रंगाचे."

ती पुढे गेली. पडद्यावर तिने सगळं दोनदा तपासून घेतलं असावं, कारण वेळ लागला.

"रंगाचा तीन. काढ."

"रंगाचा तीन. काढते?"

"हो."

धाकटीने खिट्टी ओढली. कप्पा सुळकन बाहेर आला, अजून कोमट होता. बाकीचं यंत्र चालतच राहिलं, पंखेही त्याच सुरात. आणि तेवढ्यात मधल्या खोलीत छपाईच्या यंत्राने घसा साफ केल्यासारखा आवाज केला आणि ठेकेदाराच्या नकाशाचा उरलेला अर्धा भाग बाहेर येऊ लागला. आजारी डिस्कने धरलेलं सुटलं होतं.

"आला, आला," ठेकेदार कुणालातरी म्हणाला.

आता नवी डिस्क. धाकटीने ती खोक्यातून काढायच्या आधी ओढणीला हात पुसले. मग फरशीवर मांडी घातली, की पडलीच तर मांडीत पडावी. जुनीचे स्क्रू काढून तिने कप्प्यात नवी बसवायला घेतली. शेवटचा स्क्रू बसला. कप्पा तिच्या हातांनी सरळ धरला, आत सरकवला, आणि खिट्टी लागल्याचा टक् असा आवाज झाला.

"तीनमध्ये नवी बसली," ती ओरडली.

"तीनमध्ये नवी बसली. थांब." कळा वाजल्या. "दिसली. यंत्राला दिसली गं."

धाकटीने तळवा टेकवला. तळाशी काहीतरी जागं झालं, सूर चढत गेला, आणि मग तीच बारीक थरथर हाताला लागायला लागली. दोनचीही, तीनचीही.

एका डिस्कवरचं सगळं दुसरीवर उतरायला वेळ लागतो. त्यात माणसाला करण्यासारखं काही नसतं. आकडा वाढताना बघत बसायचं. धाकटी पुढे येऊन थोरलीच्या शेजारच्या स्टुलावर बसली. त्या स्टुलावर ती कधीची बसली नव्हती. ठेकेदार आतल्या टेबलापाशी आपला नकाशा निरखत होता.

"ते मी डिस्कचं बोलले होते गं," थोरली पडद्याकडे बघत म्हणाली. कुठल्या दिवसाचं ते तिने सांगितलं नाही, धाकटीने विचारलं नाही.

"माहीत होतं मला."

"मग?"

"तेव्हा मला डिस्क दिसतच नव्हती, ताई."

थोरलीने त्यावर मान हलवली. कितीतरी वेळ ती हलवतच राहिली. "घरी गेल्यावर माझ्या लक्षात आलं," ती म्हणाली. "रात्रभर डोळा लागला नाही. सकाळी येऊन सांगायचं ठरवलं होतं. पण तू माझ्याकडे बघितलंही नाहीस, आणि मग मला सांगायला तोंडच राहिलं नाही."

धाकटीला खूप काही म्हणावंसं वाटलं. खिट्टीवरच्या बोटाबद्दलही सांगावंसं वाटलं. पण तिने ते गिळलं. काही गोष्टी एकटीनेच बाळगायच्या असतात. तिचे डोळे भरून आले आणि तिने ते पुसले नाहीत, इतकंच. थोरलीने ते पाहिलं, आणि वाकड्या बोटांचा हात तिच्या गुडघ्यावर ठेवला.

ठेकेदार नकाशा घेऊन काउंटरवर आला, तेव्हा आणखी दोघंतिघं येऊन उभी होती.

"झालं का काम?" त्याने थोरलीला विचारलं. "बदलली का डिस्क?"

थोरली उठून उभी राहिली. नुसतं बसून सांगितलं असतं तरी चाललं असतं.

"हिने बदलली," ती म्हणाली, आणि दुकानभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "मी चुकीचा कप्पा सांगितला होता. हिने माझं ऐकलं नाही, म्हणून दुकान उभं आहे. हिच्या हातांमुळे."

ठेकेदाराने दोघींकडे पाहिलं. "म्हणजे बोलताय तर तुम्ही आता."

"कामापुरतं," थोरली म्हणाली.

धाकटीने त्याच्या हातातून नकाशा घेतला. टेबलावर पसरला, तळहात फिरवला, आणि घड्या घालायला घेतल्या. मोठी, मग आडवी, मग उलटी. नावाची चौकट वर आली. तिने शेवटच्या घडीवर हात दाबून धरला, जरुरीपेक्षा थोडा जास्त वेळ, आणि मग तो नकाशा ठेकेदाराच्या हातात दिला.

"ताई," ती वळून म्हणाली, "किती झालं बघा जरा."

"किती झालं ते बघते," थोरलीने उलट सांगितलं, आणि चष्मा वर सारून पडद्याकडे वाकली.